आवाज झाला, जिताडा कुठे गेला?

प्रश्न थोडक्यात असा: सी-बास मासा पकडण्याचे परदेशी व्हिडिओ बघून तुम्ही दोन पॉपर आणि एक पेन्सिल अशा पाण्यावर तरंगणाऱ्या ल्यूर, म्हणजे नकली आमिषं, घेतलीत. कुंडलिकेच्या खाडीत, रेवदंड्याच्या आतल्या अंगाला, चार संध्याकाळी उभे राहिलात. दोनदा पाण्यावर दगड पडावा तसा आवाज झाला, ल्यूर हवेत उडाली आणि हाती काहीच लागलं नाही. एकदा तर ल्यूर तुमच्याच अंगावर आली. आता तुम्ही विचारताय की ल्यूर चुकीची आहे, हुक बोथट आहेत, की नशीबच खोटं?

नशीब चांगलंच आहे हो. चार संध्याकाळींत दोनदा जिताडा, म्हणजे आपला सी-बास, वर आला म्हणजे जागा तुम्ही बरोबर निवडली आहे. मी कोळंबीची गरी सोडून ल्यूरकडे वळलो तेव्हा पहिला आख्खा हंगाम गेला आणि तो आवाज एकदाच कानावर पडला. ल्यूरही बरोबर आहे. चुकतंय ते तुमच्या मनगटात, आणि ते तुमच्या मनगटाला व्हिडिओने शिकवलंय.

सी-बास हे नाव फार ढिलं आहे. ते व्हिडिओ बहुतेक युरोपातल्या बासचे असतात, ब्रिटन नाहीतर फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे, किंवा जपानच्या सुझुकीचे. दोन्ही थंड पाण्यातले मासे. लाटांच्या फेसात फिरणारे, भक्ष्याच्या मागे धावणारे. त्यांच्यापुढून पेन्सिल न थांबता डावी-उजवी नाचवत आणली तर ते पाठलाग करून धरतात. आपला सी-बास म्हणजे रायगडातला जिताडा, तळकोकणातला खजुरा, गोव्याचा चोणक, बंगाल्यांची भेटकी आणि ऑस्ट्रेलियनांचा बारामुंडी. या सगळ्या नावांमागे मासा एकच. युरोपातला बास आणि जपानचा सुझुकी यांच्याशी त्याचं नाव सोडलं तर फारसं काही जुळत नाही. हा धावणारा गडी नव्हे, दबा धरून बसणारा आहे. तिवरांच्या मुळाशी, उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, कडेला, पडलेल्या ओंडक्याच्या सावलीत तो प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. घास समोर आला तरच हलतो. तेव्हा शिकायचंच असेल तर ऑस्ट्रेलियातले बारामुंडीवाले बघा.

आता तो आवाज. जिताड्याला वामासारखे सुळे नाहीत. तोंडात हात घातलात तर खरखरीत पॉलिशपेपरसारखं लागतं. तो चावत नाही, ओढून घेतो. तोंड आणि गालफडं एकदम फाकवतो, आत पोकळी होते आणि समोरचं पाणी भक्ष्यासकट घशात जातं. पाण्याच्या वरच्या थरावर हे केलं की पाण्याबरोबर हवाही आत खेचली जाते, म्हणून तो ‘भप्प’ आवाज. रात्री तिवरांत दूर कुठे असा आवाज आला की आमच्याकडे म्हातारी माणसं बोलणं थांबवतात. बोय गेली, एवढंच म्हणतात. बोय म्हणजे खाडीतला लहान मासा, जिताड्याचा घास.

बोयला दोरी बांधलेली नसते. ती पाण्याबरोबर सरळ आत जाते. तुमची ल्यूर मात्र पाण्यावर तरंगतेय, आणि तिच्या नाकाला जी विणलेली लाइन आहे ती रबरासारखी ताणत नाही, जवळजवळ तारच. ती ताणलेली असेल तर जिताड्याने पाणी ओढलं तरी ल्यूर जागची हलत नाही. पाणी आत, ल्यूर बाहेर. त्यात आवाजाने दचकून तुम्ही रॉड वर झटकलात की उरलीसुरली संधीही गेली आणि ल्यूर कानाशी आली.

म्हणून सगळं एकाच गोष्टीवर येतं: थांबलेल्या ल्यूरला ढील ठेवा, आणि आवाजाला नाही, वजनाला उत्तर द्या.

ऐकायला सोपं, करायला महाकठीण. पतंग उडवलेल्याला लवकर जमतं, कारण ढील द्यायची असते हे त्याच्या हाताला माहीत असतं. मी काय करतो ते हळूहळू सांगतो. समजा ओहोटी लागून दोनेक तास झालेत, तिवरांतून एक लहान चर खाडीत उतरतोय, आणि चराच्या तोंडाशी गढूळ आणि जरा स्वच्छ पाण्याची रेघ दिसतेय. ल्यूर त्या रेघेवर टाकत नाही. रेघेच्या पलीकडे चार-पाच हात, आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकतो. पाण्यावर वर्तुळं उठतात ती विरेपर्यंत काही करायचं नाही. मनात दहा मोजा. नव्या माणसाला हे दहा आकडे युगासारखे वाटतात. मग रॉडचं टोक खाली, पाण्याकडे ठेवून वीतभर छोटासा झटका. पॉपर ‘पुक’ करतो. झटका संपताक्षणी टोक परत ल्यूरकडे न्या, म्हणजे लाइनमध्ये पोट पडेल, तीच ढील. परत एक ‘पुक’, परत पोट. मग थांबा. प्रवाह ल्यूरला त्या रेघेवर घेऊन येईल, येऊ दे. रीळ फिरवायचं ते फक्त पोट फार मोठं झालं तर. माशाचे दहातले सात फटके मला या थांबण्यात मिळालेत, ल्यूर हलताना नाही.

आवाज झाला की काही करायचं नाही. खरंच काही नाही. लाइनचं पोट सरळ होईल, टोकाला ओढ लागेल, रॉड वाकायला सुरुवात होईल, तेव्हा रीळ भराभर दोन-तीन वळसे फिरवून रॉड कुशीवर, आडवा ओढा. आकाशाकडे नको. आडवं ओढलं आणि मासा सुटला तरी ल्यूर पाण्यातच राहते, आणि अंगावर येत नाही. हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या डाव्या हाताला कोपराखाली एकदा ट्रेबलची, म्हणजे तीन तोंडांच्या हुकाची, दोन तोंडं रुतली होती, दवाखान्यात जाऊन काढावी लागली. डॉक्टरांनी आधी मासा किती मोठा होता ते विचारलं. मासा नव्हताच. तेव्हापासून चष्मा आणि टोपीशिवाय मी पॉपर टाकत नाही.

चुकलेला मासा बहुतेक वेळा तिथेच असतो. त्याला हुक लागलेला नाही, फक्त घास हुकलाय. घाईने ल्यूर गुंडाळून परत टाकू नका, आहे तिथेच राहू द्या. पाच-सहा आकडे मोजा आणि मेलेली बोय शेवटची तडफड करते तेवढंच हलवा. दुसऱ्यांदा येतो. नाही आला तर त्याच जागी हळू बुडणारा रबरी मासा, शेपूट हलणारा, चारेक इंचांचा, टाका. पुष्कळदा तो दुसऱ्या फटक्यातच लागतो. मी त्यासाठी दुसरा रॉड तयारच ठेवतो. तरीही हिशेब स्पष्ट ठेवा: वरच्या पाण्यावर तीन आवाजांत एक मासा लागला तर मी खुशीत घरी जातो. कालवणासाठीच मासा हवा असेल तर जिवंत कोळंबी लावा आणि हा नाद सोडा. तो आवाज ऐकायला जायचं असेल तरच पॉपर.

आता तुमच्या सामानाबद्दल. ल्यूरवर विकत घेतानाच जे ट्रेबल असतात ते बहुधा बारीक तारेचे असतात. जिताड्याचा जबडा हाडाचा आणि उडी घेऊन डोकं झाडायची त्याची सवय, त्यात ते सरळ होतात. मागची जोडकडीही तशीच. एकदा चांगला मासा पायाशी आणला आणि कडी उघडून गेला. ल्यूर माझ्याकडे, हुक त्याच्याकडे. जाड तारेचे हुक आणि दणकट कड्या घाला, पण एक पथ्य पाळा. बादलीत खाडीचं पाणी घेऊन ल्यूर त्यात सोडून बघा, नळाच्या पाण्यात नको, खाऱ्यात ती जास्त तरंगते. पेन्सिल आडवी झोपत असेल तर मागचा हुक एक नंबर मोठा घाला. शेपूट खाली आणि फक्त डोकं पाण्यावर असं बसलं की झालं. अशी अर्धी बुडलेली ल्यूर पाण्याबरोबर आत खेचली जायला सोपी. पॉपरला मात्र फार जड केलं तर तो ‘पुक’ करायचा सोडून नाक खुपसतो. एवढ्या एका बदलाने माझे हुकणारे मासे नजरेत भरण्याइतके कमी झाले.

लीडर, म्हणजे मुख्य लाइन आणि ल्यूर यांच्यामधला जाड तुकडा, पन्नास पौंड ताकदीचा, दोन-अडीच फूट, साध्या नायलॉनचा घ्या. महागडं फ्लोरोकार्बन इथे नको, ते नायलॉनपेक्षा जड असतं, लवकर बुडतं आणि ल्यूरचं नाक खाली ओढतं. लीडर लागतोच, कारण जिताड्याच्या गालफडाची कड पात्यासारखी असते. त्यात कालवं लागलेले दगड आणि तिवराची मुळं आहेतच. ल्यूरला गाठ मारताना फास घट्ट आवळू नका, लहानसा वेढा मोकळा ठेवणारी गाठ मारा, ल्यूर त्यात मोकळी डुलते. मुख्य लाइन तीस पौंडांची, रॉड सात फुटी आणि जरा ताठ, रीळ ३००० किंवा ४००० नंबरचं. मासा लागल्यावर पहिले दहा हात तो मुळांकडेच धावतो, तेव्हा ड्रॅग, म्हणजे रीळाचा ब्रेक, आधीच आवळलेला हवा. उडी मारायला लागला की रॉडचं टोक पाण्यात बुडवा.

कुठली ल्यूर या प्रश्नावर तरुण मंडळी रात्रभर भांडतात. मला त्यात फार रस नाही. नऊ ते बारा सेंटिमीटर, म्हणजे खाडीतल्या बोयीएवढी. पाणी हललेलं, वारा असेल तर पॉपर, रापालाचा स्किटर पॉप किंवा हाल्कोचा रूस्टा चालतो. पाणी तेलासारखं स्थिर असेल तर पेन्सिल. हेडनची झारा स्पूक आजोबांच्या वयाची आहे आणि अजून मासे पकडते. तिला नाचवायचंच झालं तर दोन पावलं नाचवा आणि थांबवा, व्हिडिओसारखं अखंड नको. शेवाळ किंवा वेली असलेल्या गोड्या तळ्यात पोकळ रबरी बेडूक, तो अडकत नाही. रंगाचं म्हणाल तर मासा खालून आकाशाकडे बघतोय, त्याला पोट दिसतं. दिवसा पांढरट, रात्री काळा. काळोखात काळ्या आकृतीची कड उठून दिसते. बाकी चमचमणारे रंग माणसांना पकडायला केलेले असतात.

खरी मेहनत वेळ निवडण्यात आहे, आणि इथे आपल्याकडे एक जुनं यंत्र आहे, फुकटचं: पंचांग. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमी म्हणजे पाच पाऊण, पावणेचार. षष्ठीला साडेचार. अष्टमीला सहा. पहाटे आणि दुपारनंतर दोन्ही वेळा तेच. शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब सारखाच. हा मुंबई-रायगडच्या किनाऱ्याचा ठोकताळा. खाडीत आत गेलात की पाणी उशिरा पोचतं, तेवढा वेळ धरायचा. मिनिटांसाठी भरतीचं कोष्टक बघा, पण रविवारी जावं की नाही हे मी अजून तिथीवरच ठरवतो.

आता जरा डोकं चालवा. अमावास्या-पौर्णिमेला भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला, म्हणजे सूर्य उगवताना आणि मावळताना ओहोटी पार तळाला. आपल्या बाजूला मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. प्रवाह नदीसारखा, पाणी चहासारखं गढूळ, आणि तिन्हीसांजेला तिवरं कोरडी. तुम्ही उभे चिखलात, मासा लांब पात्रात. तुमच्या चारपैकी दोन संध्याकाळी पौर्णिमेला लागूनच्या होत्या असं तुम्ही लिहिलंय. त्या दिवशी घरी झोपला असतात तरी चाललं असतं. उलट अष्टमीचा भांग, म्हणजे पाणी सर्वांत कमी चढण्या-उतरण्याचा दिवस. पाणी निवळ, पण तिन्हीसांजेला भरती पुरी आणि पाणी थिजलेलं, मासा तिवरांत खोलवर घुसलेला. मला आवडतात त्या चतुर्थी ते सप्तमीच्या संध्याकाळी, आणि त्यातही पंचमी-षष्ठी. ऊन उतरतं तेव्हा ओहोटीला दोन-अडीच तास झालेले असतात. तिवरांत शिरलेलं पाणी चरांतून बाहेर पडतं, त्याबरोबर बोय, कोळंबी, निवट्यांची पिल्लं. जिताडा चराच्या तोंडाशी ताट वाढून घेतल्यासारखा उभा असतो. गंमत म्हणजे पहाटेचा हिशेबही तोच: साडेचारला भरती, साडेसहाला फटफटतं तेव्हा नेमकी तीच ओहोटी. गोव्यात उधाणालाही पाणी दोन मीटरच्या आसपासच हलतं, तिथे प्रवाहाचा हा जाच इतका नाही, म्हणून तिथल्या लोकांचा सल्ला जसाच्या तसा इकडे लावू नका.

महिने म्हणाल तर पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस मला सर्वांत भरवशाचे वाटतात. भातखाचरांचं आणि खारेपाटातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतलं, गोडं पाणी उघाड्यांतून खाडीत उतरत असतं, आणि उघाडीच्या तोंडाशी लहान मासळीची दाटी असते. थंडी पडली की जिताडा सुस्तावतो, डिसेंबर-जानेवारीत मी पॉपर पेटीत ठेवतो. होळीनंतर पाणी तापलं की पुन्हा रात्रीचे आवाज सुरू होतात. ऐन जून-जुलैत लोंढ्याला आलेल्या खाडीच्या काठावर, तेही विजा चमकत असताना, हातात सात फुटी कार्बनचा रॉड घेऊन उभं राहणं याला शौक म्हणत नाहीत.

उघाडीवर जायच्या आधी गावात विचारा. ती कुणाच्या तरी शेताचं रक्षण करणारी आहे, आणि अनेक ठिकाणी तिथे जाळं लावायचा हक्क ठरलेला असतो. गोव्यात तर मानशीवरच्या, म्हणजे तिथल्या उघाडीवरच्या, मासेमारीचा रीतसर लिलाव होतो. हक्कदाराने जाळं लावलेलं असताना पलीकडून पॉपर फेकलात तर भांडण होईल, आणि चूक तुमचीच असेल. दोन शब्द बोललात तर तोच माणूस काल रात्री आवाज कुठे येत होता ते सांगतो. माझ्या निम्म्या जागा मला अशाच मिळाल्यात. ल्यूर तिवरात अडकली तर फांदी तोडायची नाही. ल्यूर पाच-सहाशेची आहे, आणि तिवर तोडणं गुन्हा आहे. दक्षिणेकडे सरकलात, सावित्री किंवा वाशिष्ठीच्या बाजूला, तर गुडघाभर पाण्यात उतरायच्या आधी लक्षात ठेवा की तिथे मगरी आहेत. नुसत्या ऐकीव नव्हेत.

शेवटी, लागलेल्या माशाचं. पेण-अलिबागकडे घरामागच्या तळ्यात जिताडा पोसायची रीत जुनी, त्यामुळे मोठा जिताडा म्हणजे मान, तो पाहुण्याला किंवा साहेबाला द्यायचा. पण खाडीतला मोठा जिताडा जवळजवळ नेहमी मादी असते. हा मासा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो. तीन फुटांच्या पुढचा जो मासा तुम्ही फोटोसाठी उचलाल तिच्या पोटात पुढच्या कित्येक पावसाळ्यांची पिल्लं आहेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या खाड्यांत ५८ सेंटिमीटरच्या आतला आणि १२० च्या वरचा मासा ठेवता येत नाही, दोन्ही टोकांना कायदा आहे. मी माझ्यापुरता दोन फुटांच्या आतला आणि अडीच फुटांवरचा सोडतो. मधला एखादा घरी नेतो, आणि आमच्याकडे त्याचं आंबट कालवण होतं, तळणं नाही. सोडायचा असेल तर हुकांचे अडके, म्हणजे टोकाजवळचे उलटे काटे, पक्कडने आधीच दाबून टाका, जबडा पकडायचा चिमटा वापरा, दुसरा हात पोटाखाली, आणि मासा उभा लटकवू नका. गालफडात बोटं घालायची नाहीत, एकदा घातलीत तर परत सांगावं लागणार नाही. पाण्यात सरळ धरून ठेवा. तो स्वतः शेपटी मारून बोटांतून निसटला की सुटला.

तर ते दोन पॉपर टाकून देऊ नका. या आठवड्यात हुक बदला, बादलीत बघा, आणि पुढच्या पंचमीला त्याच जागी जा जिथे दुसऱ्यांदा आवाज झाला होता. आवाज झाल्यावर हात आवरत नसेल तर एक युक्ती सांगतो, मलाही कुणीतरी सांगितलेली: ल्यूर थांबवली की तिच्याकडे बघूच नका, दोन हात बाजूच्या पाण्याकडे बघा. डोळ्यांनी फटका पाहिला नाही तर हात उशिरा हलतो, आणि तेवढा उशीर पुरतो.